आधी नाव, मग दाद

फ्रेंच पियानोसंगीताचा चाहता बहुधा चांदण्यातून आत येतो. क्लोद देब्युसीच्या ‘स्वीट बेर्गामास्क’ या चार भागांच्या रचनेतला तिसरा भाग, ‘क्लेर द ल्यून’, म्हणजे चांदणे, कधीतरी सिनेमात, जाहिरातीत किंवा दंतवैद्याकडे नंबर यायची वाट पाहताना त्याच्या कानावर पडतो आणि माणूस कामातून जातो. उरलेले तीन भाग त्याने ऐकलेले नसतात. चांदण्याच्या अलीकडे दोन आणि पलीकडे एक असे काहीतरी आहे, एवढीच त्याला कल्पना असते.

देब्युसीने ही रचना १८९०च्या सुमारास लिहिली. बरीच वर्षे ती तशीच पडून होती. मग हात फिरवून १९०५ साली छापली गेली. छापण्याआधी चांदण्याच्या जागी निराळेच नाव होते: ‘प्रोमनाद सांतिमांताल’, भावुक फेरफटका. दोन्ही नावे पॉल व्हर्लेनच्या कवितांची. ऐनवेळी हा बदल झाला नसता, तर याच सुरांवर जगभरचे लोक दिवे मालवून खिडकीशी बसण्याऐवजी चपला घालून बाहेर पडले असते, असे मानायला भरपूर जागा आहे. या संगीताच्या प्रेमात पहिली चाल डोळा करतो. तो नाव वाचतो आणि कान त्याबरहुकूम ऐकू लागतो.

देब्युसीला याचा अंदाज असावा. १९१० आणि १९१३ साली त्याच्या प्रेल्यूदच्या दोन वह्या प्रसिद्ध झाल्या, प्रत्येकी बारा रचनांच्या. त्यांत एकाही रचनेच्या डोक्यावर नाव नाही. नाव येते शेवटच्या ओळीखाली, कंसात, तीन टिंबांच्या मागून, जाता जाता सांगावे तसे. आधी वाजवा, ऐका, मग काय ते कळेल, असा त्यातला सरळ अर्थ. सभागृहांनी या योजनेवर पाणी ओतले. कार्यक्रमपत्रिकेत बाराही नावे अनुक्रमाने, ठळक टाइपात आणि बहुधा खुलाशासकट छापलेली असतात. श्रोता ती हातात धरून बसतो आणि नावागणिक डोळे मिटतो.

अडचण अशी की प्रेल्यूद छोटे असतात आणि मध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात. त्यामुळे हिशेब चुकण्याची सोय चांगली आहे. पहिल्या वहीतला नववा प्रेल्यूद ‘अडथळे आलेले प्रियाराधन’ या नावाचा आहे, स्पॅनिश गिटारीचा भास देणारा. दहावा म्हणजे सुप्रसिद्ध ‘बुडालेले कॅथेड्रल’. एक आकडा पुढे गेलेला श्रोता गिटार चालू असतानाच पाण्याखालचे मनोरे पाहू लागतो. त्या तुटक सुरांत त्याला घंटा ऐकू येतात, पुरोहितांचे मंत्र ऐकू येतात, शेजारणीच्या दंडाला हलकेच स्पर्श करून तो “पाणी!” असे पुटपुटतोही. मग खरे कॅथेड्रल प्रचंड सुरावटींसह वर येते, तेव्हा तो पत्रिकेतल्या अकराव्या नावाशी, शेक्सपिअरच्या खोडकर पकच्या नृत्याशी, पोचलेला असतो. पक आज जरा जड पावलाने नाचतोय, हे त्याचे मत घरी जाईपर्यंत टिकते.

चंद्राचा मात्र तुटवडा नाही. ‘मोडक्या देवळावर उतरणारा चंद्र’ १९०७ सालचा. दुसऱ्या वहीतल्या सातव्या प्रेल्यूदच्या नावातही चांदणे आहे, आणि ते आपल्या ओळखीचे: १९११च्या दिल्ली दरबारावर ‘ल ताँ’ या पॅरिसच्या वर्तमानपत्रात जे वार्तापत्र आले, त्यातल्या एका वर्णनावरून ते नाव सुचले. पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकाला आलेल्या संस्थानिकांच्या वाट्याला फ्रेंच संगीतात आला तो हा चांदण्यातला गच्चीवरचा दरबार. देब्युसी स्वतः भारतात कधी आला नाही. त्याला भेटलेला भारत म्हणजे बडोद्याचे इनायत खाँ. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात संगीतशाळा काढणाऱ्या मौला बक्षांचे हे नातू, भावांसह पॅरिसला पोचले होते. देब्युसीला आपल्या रागांत फार रस वाटला, असे इनायत खाँ यांनी आठवणींत लिहून ठेवले आहे. एवढ्या आधारावर देब्युसीत यमन ऐकू येणारे रसिक निघाले आहेत. यमन त्यांना या भेटीच्या वीस वर्षे आधीच्या रचनांतही ऐकू येतो.

नावांचा हा सोस देब्युसीपासूनचा नाही. फ्रान्स्वा कूपरँने १७१७ साली हार्पसिकॉर्दसाठीच्या आपल्या दुसऱ्या पुस्तकात एका तुकड्याला ‘गूढ अडसर’ असे नाव दिले आणि कसले अडसर ते सांगितले नाही. तीनशे वर्षे झाली, चर्चा चालू आहे. पापण्या, मुखवटे, स्त्रियांचे शील, दारूची पिंपे, सुरांचे एकमेकांत अडकणे: सगळे सुचवून झाले. तुकडा दोन-अडीच मिनिटांचा आहे. त्याच्या नावावर जेवढे लिहिले गेले तेवढ्या वेळात तो काही हजार वेळा वाजवून झाला असता. हा तुकडा पियानोवर वाजवावा की नाही, यावर चाहत्यांत दोन तट आहेत. हार्पसिकॉर्दवाले पियानोवाल्यांना अडाणी समजतात, पियानोवाले हार्पसिकॉर्द ऐकून झाल्यावर “किती अस्सल!” म्हणतात आणि घरी येऊन पियानोवरची तबकडी लावतात.

चांदण्यानंतर चाहत्याला दुःख लागते. तेही संथ. मॉरिस राव्हेलने १८९९ साली, चोविसाव्या वर्षी, ‘दिवंगत राजकन्येसाठी पाव्हान’ लिहिले. पाव्हान हा जुना दरबारी नाच. कोणती राजकन्या, कशाने गेली, या प्रश्नांना राव्हेलचे उत्तर होते की ते शब्द कानाला बरे वाटले म्हणून ठेवले. मेलेले कोणी नव्हते. रचना अर्पण केली होती ती मात्र जिवंत राजकन्येला: प्रिन्सेस द पोलिन्याक, म्हणजे माहेरची विनारेत्ता सिंगर. मराठी घरांत लग्नात आलेले जे शिवणयंत्र दोन पिढ्या खडखडत होते, त्या सिंगरचीच ही लेक. यंत्रांच्या पैशावर तिने पॅरिसच्या दिवाणखान्यात अर्धे आधुनिक संगीत पोसले.

पाव्हान लोकांनी डोक्यावर घेतले आणि दरवर्षी थोडे आणखी सावकाश वाजवले. एका मुलाने ते अतिशय रेंगाळत वाजवल्यावर राव्हेलने त्याला समजावले की राजकन्या मेलेली आहे, पाव्हान नव्हे. उपयोग झाला नाही. १९१२ साली राव्हेलने छापील लेखात आपल्याच या रचनेची हजेरी घेतली: बांधणी बेताची, शाब्रिए या रचनाकाराची छाप उघड, आणि यश मिळाले ते बऱ्याच अंशी वादकांमुळे. चाहत्यांनी हा लेख विनयाचा नमुना म्हणून वाचला.

नाव काढून घेतले तर या प्रेमाचे काय उरते, याचा प्रयोग पॅरिसमध्ये एकदा प्रत्यक्ष झाला. सोसिएते नासिओनाल या जुन्या संस्थेच्या कारभाराला कंटाळून राव्हेल आणि त्याच्या मित्रांनी १९१० साली स्वतंत्र संगीत संस्था काढली होती. गाब्रिएल फोरे अध्यक्ष. ९ मे १९११ रोजी साल गाव्हो या सभागृहात संस्थेने निनावी मैफल ठेवली. पत्रिकेत रचनाकारांची नावे नाहीत. ऐकायचे, कोणाचे ते ओळखायचे, चिठ्ठीवर लिहून द्यायचे. समोर बसलेले लोक ऐरेगैरे नव्हते. संगीतकार होते, समीक्षक होते, दोन सुरांत माणूस ओळखतो अशी ख्याती असलेले जाणकार होते. म्हणजे या प्रयोगासाठी याहून वाईट श्रोते मिळाले नसते.

लुई ओबेर पियानोवर बसला आणि आठ वॉल्ट्झची एक माळ सुरू झाली. पहिलाच वॉल्ट्झ असा, की वादकाचा हात चुकीच्या पट्ट्यांवर पडतोय अशी शंका यावी. सभागृहात कुजबुज, मग हुर्यो. ही रचना राव्हेलची होती, ‘व्हाल्स नोब्ल ए सांतिमांताल’. राव्हेल स्वतः एका बॉक्समध्ये बसला होता, आणि त्याच्याभोवती होती उच्चभ्रू वर्तुळातली भक्तमंडळी, राव्हेलचे दोन सूर कानावर पडले की मान मागे टाकणारी. शब्द दिल्याप्रमाणे राव्हेलने त्यांना पत्ता लागू दिला नव्हता. हे असले काहीतरी राव्हेलला आवडणार नाही, या खात्रीने मंडळी त्याला खूश करण्यासाठी टर उडवू लागली. कोणी नाक मुरडले, कोणी हसून शेजाऱ्याला कोपर मारले, आणि प्रत्येक शेऱ्यानंतर मान वळवून राव्हेलकडे पाहिले. राव्हेल ताठ बसून होता. दिसायला लहानखुरा, कपड्यांच्या बाबतीत कमालीचा काटेकोर असा हा माणूस चेहऱ्याची रेषही हलवत नव्हता. त्या स्थिर चेहऱ्याचा अर्थ मंडळींनी आपल्या बाजूने लावला आणि आवाज चढवला.

चिठ्ठ्या मोजल्या गेल्या. काहींनी ही रचना एरिक सातीच्या नावावर टाकली होती, काहींनी थेट हंगेरीतल्या कोदायच्या. राव्हेलने पुढे नोंदवले आहे त्याप्रमाणे निसटत्या बहुमताने नाव बरोबर निघाले. आठ वॉल्ट्झ छापून बाजारात आले, मुखपृष्ठावर नाव आले, पुढच्याच वर्षी वाद्यवृंदासाठीचे रूप आले, त्यावर बॅलेही झाला. आज या वॉल्ट्झमध्ये न आवडण्यासारखे काय होते, हेच चाहत्याला समजत नाही. तोही त्या बॉक्समध्ये बसला असता तर कोपर मारण्यात मागे राहिला नसता, हे त्याला कोणी सांगत नाही. असा प्रयोग फार वेळा होत नाही, हे मैफली भरवणाऱ्या संस्थांच्या दृष्टीने ठीकच आहे.

त्या काळच्या श्रोत्याचे सर्वांत अचूक चित्र मार्सेल प्रूस्तने काढले. त्याच्या महाकादंबरीच्या १९१३ साली आलेल्या पहिल्या खंडात मादाम व्हेर्द्युरँ नावाची यजमानीण आहे. दिवाणखान्यात पियानिस्टने व्हँतेय या (काल्पनिक) रचनाकाराचा सोनाटा वाजवायला घेतला की ती घाबरून हात वर करते. नको, नको! मागच्या वेळी रडून रडून सर्दी झाली, चेहऱ्याच्या शिरा ठणकल्या, आता पुन्हा आठ दिवस अंथरूण धरावे लागेल. मग वाटाघाटी होतात आणि सोनाट्यातला एकच भाग वाजवण्यावर तडजोड होते. रसिकता म्हणजे तब्येतीला अपाय, हा तिचा सिद्धान्त पॅरिसमध्ये रुजला आणि पुढे पसरला. आजही फ्रेंच पियानोची मैफल संपल्यावर “सहन होत नाही हो” असे म्हणणारा श्रोता खरा मानला जातो. सहज सहन करणाऱ्याकडे संशयाने पाहतात.

असल्या रसिकांपासून सुटका करून घेण्याचा उपाय राव्हेलच्या मित्रमंडळाने शोधला होता. रस्त्यात एका पेपरवाल्याने धक्का लागल्यावर ‘आपाश’, म्हणजे गुंड, म्हणून ओरडल्यामुळे मंडळाने तेच नाव धारण केले होते. कोणी फार चिकटू लागले की सगळ्यांना गोमेझ द रिके यांची भेट ठरल्याचे आठवे आणि मंडळ उठून चालू लागे. गोमेझ द रिके नावाचे कोणी नव्हते. तो राव्हेलचा शोध. त्याच्या लहान रचनांत याला मानाचे स्थान द्यायला हरकत नाही.

पाच-सहा वर्षे चांदणे आणि पाव्हान यांत घालवली की चाहत्याला वरच्या वर्गात गेल्यासारखे वाटू लागते. या वर्गाचे दैवत म्हणजे फोरे. फोरेची तेरा नोक्तुर्न आहेत आणि तेरा बार्कारोल. त्यांना नावे नाहीत, फक्त क्रमांक. त्याच्या मुलाने लिहून ठेवले आहे की वडिलांचे चालते तर त्यांनी ‘पियानोचा तुकडा क्रमांक अमुक’ एवढेच छापले असते; नोक्तुर्न, बार्कारोल हीसुद्धा प्रकाशकांसाठी केलेली सोय. नावच नसल्यामुळे इथे डोळ्याला काम उरत नाही आणि चाहता थोडा बावरतो. मग तो क्रमांकांवर प्रेम करायला शिकतो. फोरेचा चाहता दुसऱ्या फोरेच्या चाहत्याला भेटला की संभाषण असे होते: “सहावे?” “तेरावे.” दोघेही थोडा वेळ गप्प बसतात. देब्युसीचा विषय निघाला की दोघेही म्हणतात, “हो, छान आहे.”

सहाव्या नोक्तुर्नचा एक किस्सा या वर्गात फार चालतो. एका बाईंनी फोरेला विचारले, हे स्वर्गीय सूर आपल्याला कोणत्या निसर्गरम्य ठिकाणी सुचले? फोरे म्हणाला, सिम्प्लॉनच्या बोगद्यात. नोक्तुर्न १८९४ सालचे आहे आणि आल्प्सखालचा तो बोगदा रेल्वेला खुला झाला १९०६ साली, म्हणजे ते सुचताना तिथे डोंगर होता. हे गणित सांगितले की किस्सा सांगणारा नाराज होतो. फोरेने थट्टा केली असेल किंवा किस्साच कोणी रचला असेल. नाव नसलेल्या रचनेला कोणीतरी निदान एक बोगदा मिळवून दिला, हे महत्त्वाचे.

याहून वरच्या मजल्यावर आल्कँचे भक्त राहतात. शार्ल-व्हालांतँ आल्कँ, १८१३ ते १८८८, शोपँचा शेजारी आणि स्नेही. वर्षानुवर्षे घरात कोंडून घेतलेला विद्वान. त्याने एकट्या पियानोसाठी आख्खा कॉन्चेर्टो लिहिला. वाद्यवृंदाचे कामही त्याच दहा बोटांनी करायचे. ऐकणाऱ्यांपेक्षा वाजवू शकणारे कमी. त्याच्या मृत्यूची कथा भक्तांना पाठ असते: वरच्या फळीवरचा तालमूद, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, काढताना पुस्तकांचे कपाट अंगावर पडले. संशोधकांनी कागदपत्रे चाळली तेव्हा कपाटाऐवजी छत्र्या ठेवायचा जड स्टँड निघाला. भक्तांचा मोठा गट अजून कपाटावर ठाम आहे. तालमूद घेऊन जाणारे मरण आणि छत्र्यांखालचे मरण यांत कार्यक्रमपत्रिकेत छापायला कोणते बरे दिसते, हे उघड आहे.

याच ठिकाणी राष्ट्रीयत्वाचा वाद उपटतो. शोपँ फ्रेंच की पोलिश? वडील निकोला लोरेन प्रांतातल्या मारँव्हिलचे, मुलगा वाढला वॉर्सात, १८३१पासून पॅरिसला, १८४९ साली तिथेच, प्लास व्हाँदोमवरच्या घरात, गेला. देह पेर लाशेझ दफनभूमीत आहे आणि हृदय वॉर्साच्या चर्चमध्ये. फ्रेंच चाहते म्हणतात, वाटणी झालेलीच आहे. वादकांबाबत परिस्थिती आणखी नाजूक आहे. “फ्रेंच संगीत वाजवावे तर फ्रेंच माणसानेच, ते रक्तात लागते,” हे विधान जो करतो, त्याच्या कपाटात पहिली तबकडी आल्फ्रेद कोर्तोची असते. कोर्तो जन्मला स्वित्झर्लंडमध्ये. दुसरी साँसाँ फ्रान्स्वाची, जन्म फ्रांकफुर्ट. राव्हेलकडे बसून त्याच्या साऱ्या पियानोरचना समजून घेतलेला व्लादो पेर्लम्युतेर लिथुआनियातला. सातीला घरोघर पोचवणारा आल्दो चिक्कोलिनी नेपल्सचा, आणि राव्हेल-देब्युसीच्या कितीतरी रचना जगापुढे पहिल्यांदा वाजवणारा रिकार्दो व्हिन्येस स्पेनमधला. देब्युसीचा सर्वश्रेष्ठ वादक म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाते तो वाल्टर गिझेकिंग मात्र फ्रान्समध्ये, लिआँमध्ये, जन्मला. तो जर्मन होता.

कोर्तोच्या वादनात चुकीचे सूर पुष्कळ आहेत आणि चाहत्यांना ते प्राणप्रिय आहेत. इतर कोणी चुकले की सराव कमी पडला. कोर्तो चुकला की काव्य. नव्या वादकाने तोच उतारा स्वच्छ वाजवला, तर काहीतरी हरवले आहे असे त्यांना मनापासून वाटते, आणि ते खरेही आहे.

स्वतः रचनाकाराने वाजवले तर प्रश्न मिटावा. मिटत नाही. देब्युसीने १९१३च्या सुमारास वेल्टे-मिन्योन या यंत्रासाठी आपल्या काही रचना भोकांच्या कागदी गुंडाळ्यांवर वाजवून ठेवल्या. त्यांत ‘बुडालेले कॅथेड्रल’ आहे. छापील प्रतीप्रमाणे वाजवले तर काही उतारे विलक्षण संथ होतात. देब्युसी तिथे वेग दुप्पट करतो, प्रतीत तसे काहीही लिहिलेले नसताना. हे कळल्यावर बऱ्याच वादकांनी चाल सुधारली. श्रोत्यांपैकी अनेकांनी देब्युसीचे वादन एकदा ऐकले आणि निर्णय दिला की यंत्रात काहीतरी बिघाड असावा. इतक्या घाईने कॅथेड्रल बुडत नाही.

एरिक सातीची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण आपल्या चाहत्यांशी इतक्या पद्धतशीरपणे वाकड्यात शिरलेला दुसरा रचनाकार सापडणे कठीण. १८६६ साली ओंफ्लरला जन्मला. १८८८ साली तीन ‘जिम्नोपेदी’ लिहिल्या. दुसऱ्या कोणत्याही रचनेसाठी आज त्याचे नाव इतके घेतले जात नाही. १८९८पासून मरेपर्यंत तो पॅरिसबाहेरच्या आर्केय गावात एका खोलीत राहिला. रोज पायी पॅरिसला जायचा, रात्री बरेचदा पायीच परत, आणि खोलीत सत्तावीस वर्षांत कोणालाही घेतले नाही. १९२५ साली तो गेल्यावर मित्र आत शिरले तेव्हा कचऱ्याच्या ढिगात ढीगभर छत्र्या सापडल्या. फ्रेंच पियानोच्या इतिहासात छत्रीला एवढे महत्त्व का, यावर अजून प्रबंध व्हायचा आहे.

सातीची नावे नावे वाचणाऱ्या श्रोत्याला कोपरखळी मारणारी असतात. ‘नासपतीच्या आकाराचे तीन तुकडे’: आत तुकडे सात. ‘खरेखुरे ढिले प्रेल्यूद’, कंसात: कुत्र्यासाठी. १९१३च्या ‘सुकलेले गर्भ’ या रचनेत तो शोपँचे शोकगीत घुसवतो आणि प्रतीवर लिहितो की हा शुबर्टच्या प्रसिद्ध माझुर्काचा उतारा आहे. शुबर्टने माझुर्का लिहिलेला नाही. वादकाला सूचना येते, दात दुखणाऱ्या बुलबुलासारखे वाजवा. या गमती वादकाने एकट्याने वाचायच्या होत्या, श्रोत्यांना मोठ्याने ऐकवायच्या नव्हत्या; १९१४च्या एका रचनेच्या सुरुवातीला त्याने तशी सक्त ताकीदच छापली. त्यामुळे हल्ली त्या मैफलीत वाचून दाखवतात, शक्यतो एखाद्या नटाकडून.

सातीला संगीत ऐकलेच जाऊ नये असेही हवे होते. घरातल्या खुर्च्या-टेबलांसारखे, असून नसल्यासारखे संगीत त्याने बनवले आणि ८ मार्च १९२० रोजी दारियुस मियो या रचनाकाराच्या साथीने एका चित्रदालनात, नाटकाच्या मध्यंतरात, वाजवायला लावले. वादक कोपऱ्यांत विखरून बसवले होते. लोकांना आगाऊ सांगितले होते की कृपया लक्ष देऊ नका. संगीत सुरू होताच लोक लगबगीने जागेवर येऊन बसले आणि कान देऊन ऐकू लागले. साती त्यांच्यामधून ओरडत फिरला: बोला, फिरा, ऐकू नका! कोणी हलले नाही. त्याचे मनोगत पुरे व्हायला पन्नास-साठ वर्षे लागली. आता पहिली ‘जिम्नोपेदी’ मालिशगृहात, लिफ्टमध्ये आणि ग्राहक सेवेच्या फोनवर अखंड वाजते आणि तिच्याकडे कोणीही लक्ष देत नाही. यालाच सातीची अफाट लोकप्रियता म्हणतात.

दुसऱ्या टोकाला ‘व्हेक्सासिआँ’ आहे. एक पान, एक लहानशी, कुठेच न पोचणारी सुरावट, आणि सोबत टीप: ही ८४० वेळा लागोपाठ वाजवायची झाल्यास आधी निश्चल बसून तयारी करावी. १८९३च्या सुमाराची ही टीप सातीने गंभीरपणे लिहिली की गालातल्या गालात, यात न पडता अमेरिकन रचनाकार जॉन केजने ९ सप्टेंबर १९६३ रोजी न्यूयॉर्कच्या पॉकेट थिएटरमध्ये ती अमलात आणली. पियानिस्ट पाळीपाळीने बसत होते, आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे समीक्षकही. तिकीट पाच डॉलर. ऐकलेल्या दर वीस मिनिटांमागे पाच सेंट परत. श्रोत्याला ऐकण्याची मजुरी देणारी ही बहुधा एकमेव मैफल. अठरा तास चाळीस मिनिटे चालली. शेवटपर्यंत बसलेला माणूस एकच निघाला. आणि ८४०वी फेरी संपल्यावर प्रेक्षागृहातून आवाज आला: “वन्स मोअर!”

नाव आणि खुलासा यांची हौस कळसाला पोचली ती ऑलिव्हिए मेसियाँपाशी. २६ मार्च १९४५ रोजी त्याच्या ‘बाल येशूकडे वीस दृष्टिक्षेप’ या दोन तासांच्या रचनेचे पहिले वादन इव्होन लोरिओने केले. सभागृह तेच, साल गाव्हो, जिथे १९११ साली नावे झाकली होती. या खेपेला कसूर राहिली नाही. प्रत्येक भागाआधी मेसियाँ स्वतः उठून त्या भागात काय पाहायचे ते वाचून दाखवत होता: देवदूत, तारे, मौन, काळ. समीक्षक खवळले. त्यानंतर जो वाद पेटला, त्यात पियानोपेक्षा भाषणांवरच जास्त शाई गेली. मेसियाँच्या लयींचा एक झरा मात्र दौलताबादेपाशी उगम पावतो, हे त्या वादात फारसे कोणाच्या लक्षात आले नसावे. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यातल्या १२० देशी तालांची यादी एका फ्रेंच संगीतकोशात छापली गेली. ती मेसियाँच्या हाती पडली आणि त्याने ती जन्मभर सोडली नाही. पॅरिसचा श्रोता ज्याला गूढ कॅथलिक समाधी समजून डोळे मिटतो, त्यात अधूनमधून यादवकालीन ताल चालू असतो.

पुढे मेसियाँने ‘पक्ष्यांची यादी’ लिहिली, १९५६ ते ५८. तेरा भाग, पावणेतीन तासांच्या आसपास. इथे नावांचा प्रश्न कायमचा सुटला: प्रतीत प्रत्येक पक्षी येतो तिथे त्याचे नाव छापलेले आहे, ठिकाणही दिले आहे, दिवसाचा प्रहरही. चाहत्यांत यामुळे नवी जात तयार झाली, हातात दुर्बीण नसली तरी असल्यासारखी बसणारी. वादकाचा बुलबुल बरा होता, पण खंड्याची चोच लागली नाही, अशी दाद तिथे मिळू शकते. २०१६ साली इंग्लंडच्या ऑल्डबरा महोत्सवात पिएर-लोराँ एमारने ही यादी एका दिवसात, ज्या पक्ष्याची जी वेळ त्या वेळी, वाजवली. पहिले सत्र पहाटे साडेचारला, पाणथळीकडे तोंड करून. तिकिटे काढून माणसे एवढ्या पहाटे आली, आपापल्या पत्रिका उघडून बसली आणि नावे शोधू लागली. बाहेरच्या पक्ष्यांकडे पत्रिका नव्हती. ते कोणत्याही पानावर गात होते.